नो-गो गेजवर बोल्ट मिटला नाही, म्हणून मी पैसे मोजले

विकत घेतलेल्या जुन्या रायफलीतून तिसऱ्या क्लिपमधली चौथी गोळी झाडली आणि गालावर गरम वाफेचा फटका बसला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. समोर वाळूत गोळीच्या पितळी पुंगळीचं नुसतं बूड पडलं होतं. वरचं नळकांडं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या गोळी बसायच्या जागेतच, राहिलं होतं आणि पुढची गोळी त्यात अर्धवट अडकली होती.

मी ओहायोत राहतो, ग्रीन कार्डवर. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू रायफल चालवली, तेव्हापासूनचा नाद. कॅम्प पेरीला नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा पाहायला गेलो आणि एम-वन गॅरंड रायफल डोक्यात बसली. १९३६ साली अमेरिकी लष्कराने घेतलेली, आठ गोळ्या पत्र्याच्या एका क्लिपमध्ये धरून भरायची. शेवटच्या गोळीबरोबर क्लिप 'टिंग' करून बाहेर उडते. लष्करातून परत आलेल्या, तपासलेल्या गॅरंड सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही संस्था विकते, पण फक्त नागरिकांना. मग मी गन शो, म्हणजे बंदुकांचा विक्री-मेळावा, गाठला.

टेबलावर विकायला बसलेले आजोबा बोलायला गोड. मी हेडस्पेस विचारण्याआधी त्यांनीच खिशातून गेज, म्हणजे गोळीच्या आकाराचे मापाचे ठोकळे, काढले. बोल्ट म्हणजे गोळीमागून चेंबर बंद करणारा पोलादी खटका. तो मिटल्यावर त्याच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं, म्हणजे चेंबर निमुळता होतो तिथपर्यंतचं, अंतर म्हणजे हेडस्पेस. ते जास्त झालं की पुंगळीला मागे आधार उरत नाही. ती ताणली जाते आणि बुडाच्या थोडं वर फाटते. गॅरंडच्या थर्टी-ऑट-सिक्स गोळीचा गो गेज १.९४० इंचाचा, नो-गो त्याहून थोडा मोठा, आणि फील्ड गेज, म्हणजे वापरातल्या रायफलीची शेवटची हद्द, १.९५०. सगळा खेळ इंचाच्या शंभराव्या भागाचा! गोवर बोल्ट मिटायला हवा, नो-गोवर मिटता कामा नये. आजोबांनी नो-गो घातला, बोटाने बोल्ट हळूच पुढे ढकलला. थोडा उरला, मिटला नाही. "बघ, नव्यासारखी आहे." मी व्हिडिओसुद्धा काढला. घासाघीस करून १,१०० डॉलर दिले, पावती घेतली. पावतीवर 'आहे तशी विकली' असं लिहिलेलं मी वाचलं आणि घडी घालून खिशात टाकलं.

पुंगळी फाटल्यावर रायफल घेऊन गनस्मिथकडे, बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, गेलो. त्याने व्हिडिओ एकदाच पाहिला. "बोल्टमधला इजेक्टर कुठे काढलाय याने?"

गॅरंडच्या बोल्टच्या तोंडात स्प्रिंगवरची एक खुंटी असते, रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी. ती गेजला पुढे रेटत राहते. वर एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाची, नखी गेजच्या कडेवर अडते. बोटाच्या हलक्या जोराने बोल्ट मिटला नाही, तो या स्प्रिंगमुळे. हेडस्पेसचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. गनस्मिथने दोन्ही काढले, बोल्ट मागेपुढे करणारा ऑपरेटिंग रॉड उतरवला आणि नुसता बोल्ट हाताने फिरवला. नो-गोवर तो लोण्यासारखा मिटला. फील्ड गेजवरही मिटला. मी खुर्चीत बसलो.

मग त्याने रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो तो रायफलीचा पोलादी सांगाडा, लाकडातून काढून पोटाशी विजेरी धरली. घासून सपाट केलेला, तरी रंगात वेगळा दिसणारा आडवा पट्टा. वेल्डिंग! जुन्या रायफली भंगारात काढताना रिसीव्हर गॅसने कापायचे. ते तुकडे विकत घेऊन काहींनी दोन अर्धे जोडून विकले. माझ्या रायफलीचं तोंड एकीचं, शेपूट दुसरीचं. जोडताना पोलादाचं पाणी उतरलेलं. बोल्टचे लग, म्हणजे कडेचे दात, ज्या खाचेत अडकतात ती मऊ पडली, प्रत्येक गोळीला बोल्ट थोडा मागे सरकत गेला. पहिल्या दोन क्लिपच्या पुंगळ्या मी हौसेने जपून ठेवल्या होत्या. सगळ्यांच्या बुडाशी चकचकीत कडं. गनस्मिथने पेपरक्लिपचं टोक वाकवून एकीच्या आत फिरवलं, माझ्या हातात दिलं. कड्याच्या जागी आतून खोबण लागत होती. दोन क्लिपनंतर पुंगळ्या उजेडात धरल्या असत्या तरी मी थांबलो असतो.

आजोबांना हे ठाऊक होतं का? वेल्ड घासणारा हात त्यांचाच होता असं मी म्हणू शकत नाही. पण खिशात गेज बाळगणाऱ्याला इजेक्टर काढायचा असतो हे माहीत नसेल, हे मला पटत नाही. फोन बंद लागतो. वकिलाने पावतीतले ते तीन शब्द वाचून फी घेतली नाही, एवढाच त्याचा चांगुलपणा.

ट्रिगरचा जुडगा आणि लाकूड ठेवलं, रिसीव्हर कापून टाकला. गेल्या महिन्यात पुन्हा गन शोला गेलो, या वेळी स्वतःचे गेज आणि बोल्ट उघडायचं अवजार घेऊन. एका टेबलावर सुंदर गॅरंड होती, विंचेस्टरची. "बोल्ट उघडून बघू का?" म्हणून विचारलं. विक्रेत्याने माझ्या हातातलं अवजार पाहिलं, रायफल उचलली आणि मागच्या पेटीत ठेवली.