अडलेलं वजन, कीटोनच्या पट्ट्या आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा

लो-कार्बवर, म्हणजे कर्बोदकं (कार्ब) कमी केलेल्या आहारावर, वजन अडलं की बहुतेकांचा पहिला खर्च होतो तो लघवीतले कीटोन (चरबी जाळताना शरीरात तयार होणारी द्रव्यं) तपासायच्या पट्ट्यांवर. पट्टी छान गडद होते, वजन मात्र जिथल्या तिथे राहतं, आणि माणूस आणखी गोंधळतो. तोच खर्च 5 किलो क्षमतेच्या, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या साध्या डिजिटल काट्यावर केला तर अडलेल्या वजनाचं कारण बहुतेक वेळा आठवड्याभरात सापडतं. ब्रँड कुठलाही असो, पाहायच्या गोष्टी त्याच आहेत.

आधी वजन खरंच अडलंय का, ते बघा. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कार्बचा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब बंद केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत जे झपाट्याने उतरतं, त्यात हे पाणीच जास्त. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला तर त्याला अडणं म्हणत नाहीत. रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि 7 दिवसांची सरासरी काढा. खारट जेवण, पाळीच्या आधीचे दिवस, नव्याने सुरू केलेला व्यायाम यांपैकी कशानेही एक-दोन किलो इकडेतिकडे होतात. ही सरासरी आणि बेंबीच्या पातळीवर घेतलेलं पोटाचं माप, दोन्ही चार आठवडे हललं नाही, तर मात्र वजन अडलं म्हणायचं.

आता पट्ट्या. त्यांच्यावरचं नायट्रोप्रुसाइड हे रसायन लघवीतल्या एका कीटोनशी, म्हणजे अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटशी रंग देतं. रक्तातला मुख्य कीटोन, म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, त्यांना दिसतच नाही. पाणी भरपूर प्यायलं की रंग फिका, कमी प्यायलं की गडद. डबी उघडी राहून दमट झाली की पट्ट्या बिघडतात, आणि डबीवर दिलेल्या सेकंदांपेक्षा उशिरा पाहिलं तर रंग उगाच गडद दिसतो. रक्ताचा मीटर जास्त अचूक आहे, 0.5 ते 3.0 मिलिमोल प्रति लिटर ही आहारातून येणाऱ्या कीटोसिसची (रक्तात कीटोन वाढलेल्या अवस्थेची) नेहमीची पातळी. पण आपला प्रश्न त्यानेही सुटत नाही. कीटोन दिसले म्हणजे शरीर चरबी जाळतंय एवढं कळतं. ती अंगावरची की ताटातली, हे कळत नाही.

काट्याची गरज इथेच लागते. समजा, 14 ग्रॅम तेल धरलं होतं आणि पडलं 25. बदाम 30 ग्रॅम धरले, मूठभर म्हणून घेतले ते निघाले 45. चीजचंही तसंच, 30 च्या जागी 45. तेलाचे सुमारे 100, बदामांचे 85, चीजचे 60, मिळून रोज 245 किलोकॅलरी जास्त झाल्या. महिन्याला हे साडेसात हजारांच्या घरात जातं, म्हणजे जवळजवळ एक किलो चरबीइतकं. आणि या सगळ्यात पचणारे कार्ब वाढले जेमतेम दीड-दोन ग्रॅम. पट्टीचा रंग बदलणार कशाने? वाढ झाली ती फॅटमध्ये, आणि ती मोजल्याशिवाय दिसत नाही.

काटा घेताना तीन गोष्टी तपासा. 500 मिली पाणी नीट मापून, भांड्याचं वजन वगळून तोला. 500 च्या दोन-चार ग्रॅम अलीकडे-पलीकडे चालेल, 20 ग्रॅमचा फरक नको. मग एकच वस्तू मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर ठेवा. आकडा बदलत असेल तर तो काटा घेऊ नका, कारण पातेलं दर वेळी बरोब्बर मध्यावर बसत नाही. तिसरं म्हणजे आपोआप बंद होण्याची वेळ. कांदा चिरेपर्यंत काटा झोपला की टेअर केलेलं (भांडं ठेवून बटणाने आणलेलं) शून्य गेलं. यावर सोपा तोडगा म्हणजे रोजच्या पातेल्यांची रिकामी वजनं एका कागदावर लिहून ओट्याजवळ चिकटवायची. पडदा ताटाखाली झाकला जातो का, हेही दुकानातच बघून घ्या. ब्लूटूथ, अ‍ॅप, कॅलरीचा तयार तक्ता यांसाठी जास्त पैसे मोजायची काहीच गरज नाही.

या काट्यांमधला सर्वांत त्रासदायक दोष तेल तोलताना कळतो. कढई ठेवली, टेअर दाबलं, बारीक धारेने तेल सोडलं, तरी आकडा 0 वरच राहतो. पुष्कळ काटे शून्याजवळ अगदी हळू वाढणारा भार म्हणजे आपलाच आकडा आपोआप सरकला असं समजून पुन्हा शून्य धरतात. तीन-चार ग्रॅम असेच गायब होतात, दिवसातून तीनदा झाले की दहा ग्रॅम, म्हणजे 90 किलोकॅलरी. म्हणून कढई तोलायचीच नाही, तेलाची बाटली तोलायची. बाटली काट्यावर ठेवून टेअर करा, उचलून तेल ओता, बाटली परत ठेवा. दिसेल तो उणे आकडा म्हणजे वापरलेलं तेल. लोण्याला हीच रीत, डबा तोलायचा. एकक मात्र ग्रॅमवरच ठेवा. ‘मिली’ दाबलं की काटा आत पाणी आहे असं धरतो, आणि तेल पाण्यापेक्षा हलकं असतं.

काट्याखाली कापड किंवा मऊ चटई नको. सेल उतरले की आकडा आधी थरथरतो, मग खोटं बोलतो. थरथर दिसली की सेल बदला.

एकत्र शिजवलेल्या पदार्थाचा हिशोब लोक उगाच अवघड करतात. जिन्नस कच्चे असताना तोला. शेवटी पातेल्यासकट वजन घेऊन पातेल्याचं वजन वजा करा. तयार पदार्थ 1,200 ग्रॅम, त्यात तेल 60 ग्रॅम, आपल्या ताटात 300 ग्रॅम, तर पोटात गेलं 15 ग्रॅम तेल. कच्च्याचा आकडा आणि शिजलेल्याचं वजन एकत्र करू नका. मांस शिजताना साधारण पाव वजन गमावतं, त्यामुळे तिथे प्रोटीनचा हिशोब हमखास चुकतो.

पहिले 7 दिवस खाण्यात काहीही बदल न करता फक्त तोला आणि लिहा. चव पाहताना गेलेलं, कॉफीतली क्रीम, भांड्याच्या तळाशी उरलेलं चाटलेलं, सगळं. मग हिशोब करा. पाकिटावरचं लेबल वाचताना सांभाळा: युरोपातल्या लेबलवर कार्बमध्ये तंतू (फायबर) आधीच धरलेले नसतात, अमेरिकेतल्या लेबलवर धरलेले असतात. युरोपीय आकड्यातून तंतू पुन्हा वजा केले तर कार्ब खोटेच कमी दिसतात. ‘शुगर-फ्री’ वड्यांमध्ये माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ आहे का तेही पाहा. त्याच्या ग्रॅममागे 2 च्या वर किलोकॅलरी असतात आणि ते रक्तातली साखरही वाढवतं. एरिथ्रिटॉल या दुसऱ्या गोड पदार्थाचं तसं नाही.

हिशोब चोख निघाला तरी वजन अडलेलं असू शकतं. शरीर हलकं झालं की त्याची गरजही उतरते, दर किलोमागे रोज साधारण 20 ते 25 किलोकॅलरी. दहा किलो उतरलेल्या माणसाला सुरुवातीचंच ताट आता फक्त वजन टिकवायला पुरतं. अशा वेळी कार्ब 20 वरून 10 ग्रॅमवर आणून फारसं साधत नाही. प्रोटीन शरीराच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम ठेवा (वजन फार जास्त असेल तर गाठायच्या वजनावर धरा), भाज्या तशाच राहू द्या, आणि रोजचं 25 ग्रॅम फॅट काढा. तेवढ्याने सव्वादोनशे किलोकॅलरी जातात. मग तीन आठवडे दुसरं काही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.

हा काटा सगळ्यांसाठी नाही. खाण्याशी ज्यांचं नातं पूर्वी बिघडलेलं आहे, त्यांनी ग्रॅम मोजत बसू नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर लो-कार्बमधला कुठलाही बदल डॉक्टरांना विचारूनच करा. मधुमेहाच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटाच्या गोळ्यांवर साखर फारशी न वाढताही, कीटोन साठून रक्ताची आम्लता धोकादायक वाढण्याचा विकार, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. त्यांच्यासाठी कीटोन तपासणं हा वजनाचा नाही, सुरक्षिततेचा भाग आहे, आणि तिथे रक्ताचा मीटरच हवा.

बाकीच्यांना तीन-चार आठवड्यांनी सगळंच तोलावं लागत नाही. पालेभाजी, अंडी यांचा अंदाज पक्का बसतो. तेल, लोणी, चीज आणि सुकामेवा यांचा अंदाज मात्र हळूहळू पुन्हा सैल होतो. काटा कपाटात न टाकता ओट्यावर ठेवायचा तो या चौघांसाठी.