चार बाय सहाचं बाथरूम: दहा महिन्यांत काय टिकलं, काय निघालं

डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमधलं बाथरूम चार बाय सहा फुटांचं आहे. संडास वेगळा, बेसिन बाहेर. आत नळ, गिझर, बादली, सासूबाईंचं बसायचं स्टूल आणि उरलेल्या जागेत अंघोळ करणारा माणूस. साबण खिडकीत, शाम्पू फरशीवर, घासायचा ब्रश बादलीमागे. गेल्या दिवाळीच्या पहिल्या अंघोळीआधी हे नीट करायचंच, असं ठरवलं. घरात दुसरं बाथरूम नाही, म्हणून टाइल्स फोडायच्या नाहीत आणि चार दिवसांत काम संपवायचं, या दोनच अटी होत्या. मजुरीसकट 21 हजार रुपये लागले. एक उन्हाळा आणि अख्खा जून-जुलै त्यावरून गेल्यावर आता लिहिते आहे, कारण आमच्याकडची कुठलीही वस्तू खरी की खोटी ते पावसाळ्यातच कळतं.

काम सुरू करण्याआधी मी एक गोष्ट केली, आणि तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. घरातल्या प्रत्येकाची अंघोळ झाली की आत जाऊन भिंती बघायच्या आणि थेंब जिथपर्यंत उडालेत तिथे पेन्सिलीने खूण करायची. नळाच्या भिंतीवर पाणी साडेचार फुटांपर्यंत जात होतं, समोरच्या भिंतीवर तीन फूट, दारावर गुडघ्याएवढं. फोटोंमध्ये दिसणारी लाकडी मांडणी, वेताच्या टोपल्या, गुंडाळून ठेवलेले टॉवेल हे सगळं शॉवर काचेआड असतो तिथलं. आपण बादलीने अंघोळ करतो, तांब्या डोक्यावर ओततो; पाणी चारी बाजूंना उडणारच. त्यामुळे खुणेच्या खाली फक्त पाणी निथळेल अशा वस्तू आणि कोरडं राहायला हवं ते सगळं खुणेच्या वर, एवढा एकच नियम केला.

मांडण्यांमध्ये पैकीच्या पैकी मार्क ग्रॅनाइटच्या कोपऱ्यांना. मार्बलच्या दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात मिळाले, गवंड्याने टाइल्समध्ये खाच मारून दोन त्रिकोणी फळ्या बसवल्या. बसवताना पुढच्या बाजूला जरासा उतार द्यायला सांगा, नाहीतर साबणाचं पाणी कोपऱ्यात साचून बुळबुळीत होतं. गवंडी कडप्पा बसवू म्हणत होता. पण कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, बाथरूम क्लीनरमधल्या ॲसिडने तो पांढरट पडतो. जुन्या मोरीच्या कट्ट्याचं तसं झालेलं मी पाहिलं होतं, म्हणून ग्रॅनाइटवर अडून बसले. एक फळी पाच फुटांवर आहे आणि दुसरी मुद्दाम सव्वादोन फुटांवर, सासूबाई स्टुलावर बसल्या की बरोबर हाताशी येईल अशी. त्यांचा साबण, वजरी आणि तेलाची बाटली तिथे असते. आधी प्रत्येक वस्तूसाठी त्या ओल्या फरशीवर वाकायच्या. त्यांचं ते वाकणं बंद झालं, मला याचंच सगळ्यात जास्त समाधान आहे.

स्टीलच्या मांडणीत मात्र फसगत झाली. दुकानात 304 ग्रेडचं स्टील सांगून दिलेल्या रॅकवर मार्चमध्येच जोडाशी तांबूस ठिपके आले. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 या हलक्या ग्रेडमध्ये निकेल बरंच कमी असतं, त्यामुळे सतत ओल्या जागी त्याला गंज लवकर लागतो. लोहचुंबक लावून बघू नका, दोन्ही प्रकारांना तो सहसा चिकटत नाही. पक्क्या बिलावर ग्रेड लिहून घ्यायला हवा होता, तो मी घेतला नाही. नंतर आधाराचा दांडा घेताना घेतला आणि तो अजून लख्ख आहे. दांडा 18 इंची, स्टुलाच्या उजव्या हाताला, भिंतीत चांगले चार प्लग ठोकून बसवलाय. चोषकाने (सक्शन कपने) चिकटणारे दांडे मिळतात, पण म्हाताऱ्या माणसासाठी ते अजिबात घेऊ नका. आमची चोषकाची साबणदाणी एका रात्री धाडकन खाली आली होती. तिथे कुणाचा हात असता तर?

भोकं पाडताना दोन गोष्टी सांभाळल्या. प्लंबरला बोलावून आतले पाइप कुठून गेलेत ते विचारून घेतलं. नळाच्या सरळ वरची आणि नळापासून गिझरपर्यंतची पट्टी सोडून दिली. दुसरं म्हणजे टाइलवर मास्किंग टेप लावून, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून आधी टाइल हळूहळू भेदायची आणि मगच भिंतीला हॅमर लावायचा. अकरा भोकं पाडली, एकही टाइल तडकली नाही.

सजावटीत सगळ्यात मोठा फरक टाइल्सच्या सांध्यांनी पडला. व्हाइट सिमेंटचे सांधे काळे पडले होते. ते दोन-तीन मिलिमीटर खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं, फिकट राखाडी रंगाचं. महाग आहे आणि भरणारा माणूस चपळ हवा, टाइलवर सुकलं तर निघता निघत नाही. पण ते पाणी शोषत नाही. ऑगस्ट उजाडला तरी काळं पडलेलं नाही, आणि त्याच त्या वीस वर्षांच्या पांढऱ्या टाइल्स उजळ दिसायला लागल्या.

नक्षीचे टाइल स्टिकर दोन भिंतींना लावले होते. नळाच्या भिंतीवरचे जुलैत कडेने सुटले, आत पाणी शिरून कुबट वास यायला लागला, शेवटी सगळे काढले. पेन्सिलीच्या खुणेच्या वरची, आरशाभोवतीची निळी ओळ मात्र अजून जशीच्या तशी आहे. तेवढीच लावायला हवी होती.

आरशाचं पीव्हीसी कपाट मस्त, आतलं सामान कोरडं राहतं. बिजागऱ्या साध्या लोखंडी निघाल्या, त्या सहा महिन्यांत बदलाव्या लागल्या. जुन्या पिवळ्या बल्बऐवजी 4000 केल्विनचा, म्हणजे पांढऱ्या उजेडाचा एलईडी लावला, त्यामुळे जागा मोठी वाटते.

आणि पंखा. खिडकीतल्या काचेच्या दोन पट्ट्या काढून सहा इंची एक्झॉस्ट बसवला. सुरुवातीला नुसताच आवाज, ओल तशीच. मग लक्षात आलं की दार घट्ट बसतंय, बाहेरून हवा आत यायला वाटच नाही. सुताराकडून दार खालून अर्धा इंच तासून घेतलं. आता शेवटच्या अंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालवला की फरशी सुकते, आणि भर पावसातही छताला बुरशी धरली नाही. पैसे कमी असतील तर मांडण्या पुढच्या वर्षी करा, पण पंखा आधी लावा.

उन्हाळ्यात सोसायटी टाकीत बोअरचं पाणी सोडते, तेव्हा नळावर आणि आरशावर पांढरे क्षार चढतात. पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून फडक्याने पुसते आणि लगेच साध्या पाण्याने धुते. लिंबूसत्त्व हेही ॲसिडच; कुठलंही ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो आणि एवढ्याशा बंद जागेत तो फार घातक ठरू शकतो.

गंजलेला रॅक या महिन्यात काढते आहे. त्या जागी तिसरी ग्रॅनाइटची फळी बसेल. तुकडा आणून ठेवलाय, गणपती झाले की गवंडी येतो म्हणालाय.