त्रेगामीच्या वाचकासाठी ग्लॉटोलॉग

अफगाणिस्तानातील कुनार प्रांताच्या वाटापूर भागात गंबीर, कतार आणि देवोज अशी तीन गावे असून, काही हजार माणसांची त्रेगामी ही नूरिस्तानी भाषा तेवढ्याच गावांत बोलली जाते. अशा भाषेविषयी विश्वसनीय माहिती कोठे पाहावी, असे कोणी विचारल्यास मी प्रथम ग्लॉटोलॉगचे नाव घेईन. लाइपझिगच्या मॅक्स प्लँक उत्क्रांती-मानवशास्त्र संस्थेची ही जागतिक भाषासूची विनामूल्य आहे.

तिचे खरे बळ वर्गीकरणात आहे. अफगाणिस्तानच्या २००४ च्या राज्यघटनेने ‘नूरिस्तानी’ ही जणू एकच भाषा असल्याप्रमाणे तिचा उल्लेख केला होता. ग्लॉटोलॉग मात्र काती, वाइगली, अश्कुन, प्रसुन आणि त्रेगामी यांच्या स्वतंत्र नोंदी देते आणि त्या साऱ्यांना भारतीय-आर्य व इराणी यांच्या बरोबरीची शाखा मानते. या मांडणीला भक्कम आधार आहे, कारण ज्या ठिकाणी संस्कृतात ‘श’ आणि प्राचीन इराणी धर्मग्रंथ अवेस्तेत ‘स’ आढळतो, तेथे या भाषांनी आपल्या ‘चमचा’तील दंत्य ‘च’सारखा जुना ध्वनी टिकवून ठेवला आहे. मराठी वाचकाला हा ध्वनी समजावून सांगावा लागत नाही, याचा मला विशेष आनंद वाटतो.

प्रत्येक नोंदीखालील संदर्भसूचीही तितकीच मोलाची आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ गेओर्ग बुद्रुस यांनी १९५६ मध्ये प्रसुन बोलल्या जाणाऱ्या पारुन खोऱ्यात जमविलेल्या सामग्रीतून प्रसुनचे सविस्तर व्याकरण सिद्ध झाले, तर त्रेगामीवरील लेखन अद्याप तुटपुंजे आहे. ही तफावत दोन नोंदी शेजारी ठेवताच ध्यानात येते, आणि पुढील संशोधन कोठे व्हायला हवे हेही कळते.

भाषकांविषयी मात्र ही सूची फारच कमी बोलते. भाषकसंख्या येथे दिलेली नाही, ध्वनिमुद्रणे नाहीत आणि तीन गावांच्या जागी नकाशावर एकच ठिपका दिसतो. सभोवार पश्तूचे प्राबल्य असताना घरात मुलांशी कोणती भाषा बोलली जाते, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असून, धोक्याच्या पातळीची एका शब्दातील नोंद त्याला पुरी पडत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणीचे अहवालच वाचावे लागतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि मराठीत कोशनोंदी लिहिणाऱ्यांनी ही सूची अवश्य वापरावी. श्रेयनिर्देश करून तिच्यातील माहिती पुन्हा वापरण्याची मुभा आहे.