पुडीनं डोकं दुखायचं थांबलं, तिथंच मी फसले

नऊ वर्षं झाली, माझं डोकं दुखतंय. अर्धशिशी. उजव्या भुवईतून ठणका सुरू होतो, उजेड नको वाटतो, उलटी झाल्याशिवाय सुटका नाही. महिन्यातले वीसेक दिवस मेडिकलमधली गोळी घेऊनच मी ओट्यापाशी उभी राहायचे.

शेजारच्या काकू म्हणाल्या, बार्शीत एका लॉजवर पहिल्या रविवारी 'मेंदूविकार तज्ज्ञ' येतात. हे आणि मी गेलो. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात एम.डी., पुढे बारीक ए.एम. त्याच्याकडं आमचं लक्षच गेलं नाही. डोक्याला वायरींची टोपी घातली, लॅपटॉपवर रंगीत चित्रं दाखवली, "नसा दबल्यात" म्हणाले. तीन महिन्यांच्या पुड्या, १८,००० रुपये रोख. चिठ्ठी नाही, पावती नाही. वर बजावलं, दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर गुण येणार नाही.

आणि गुण आला! तिसऱ्या दिवशी डोकं शांत. भूक लागायला लागली, अंगात उत्साह. मी स्वतः दोन बायकांना तो पत्ता दिला, याचं मला आज फार वाईट वाटतं.

दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. उपाशीपोटी साखर २१०. घाबरून पुड्या एकदम बंद केल्या, तर चार दिवसांत अंथरुणातून उठवेना.

सोलापूरच्या फिजिशियननी पुडीची पावडर तळहातावर घेतली, माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, रक्तात तपासायला सांगितलं. ते फारच कमी निघालं. म्हणजे पुडीत स्टेरॉइड असणार. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, म्हणून ते एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. आता मोजून दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करतायत.

मग खऱ्या मेंदूविकार तज्ज्ञाकडं, न्यूरॉलॉजिस्टकडं गेले. एम.डी. मेडिसिननंतर डी.एम. न्यूरॉलॉजी केलेले. टोपी नाही, यंत्र नाही. अर्धा तास नुसते प्रश्न! म्हणाले, अर्धशिशी आहेच, पण रोजच्या गोळ्यांनीही डोकं दुखतं. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळी (एकीत दोन-तीन औषधं असलेली) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर हे होतं. नऊ वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

फ्लेक्सवरचं ए.एम. म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. ते एम.डी. मेडिसिन नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक असावाच लागतो. तो घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव बघता येतं. दोन मिनिटांचं काम, मी केलं नाही.

उरलेल्या अकरा पुड्या अर्जासोबत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं दिल्यात. ज्या दोघींना पत्ता दिला होता, त्यांच्या घरी जाऊन आले. काकू गुडघ्यासाठी त्याच माणसाच्या पुड्या वर्षभर घेतायत. त्यांचाही चेहरा सुजलाय. "आजच बंद करते" म्हणाल्या, मी हात धरून थांबवलं. सोमवारी त्यांना सोलापूरला नेतेय.