हायपरथायरॉइडच्या रुग्णासाठी डेक्सा स्कॅन : पुण्यातील एका डायग्नोस्टिक सेंटरचा अनुभव

थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली की वजन उतरणे, छातीत धडधडणे आणि हात थरथरणे याकडे लगेच लक्ष जाते. हाडांची झीज मात्र फ्रॅक्चर होईपर्यंत कळतही नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंना ग्रेव्हज आजाराचे (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त काम करायला लावते) निदान झाले, पाळी जाऊनही काही वर्षे झालेली असल्यामुळे डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी) सुचवला, आणि तो जिथे केला त्या सेंटरबद्दल हे लिहीत आहे.

तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी चिठ्ठीवरचे निदान वाचले, डॉक्टरांना फोन लावला आणि कमरेचे मणके व खुबा यांच्या जोडीला हाताचाही स्कॅन केला. हे फार महत्त्वाचे होते. थायरॉइडचे संप्रेरक वाढले की जुने हाड काढून टाकणाऱ्या पेशी आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशी या दोन्हींची घाई सुरू होते. एरवी सुमारे 200 दिवस चालणारे हे चक्र जवळजवळ निम्म्यावर येते आणि जितके हाड काढले जाते तितके भरून निघत नाही. सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते. या झिजेचा फटका हाडाच्या बाहेरच्या घट्ट थराला अधिक बसतो, आणि मनगटाच्या थोडे वर, स्कॅनमध्ये मोजतात त्या जागी, मुख्यतः तोच थर असतो. जाऊबाईंच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेत हाडांची घनता किती कमी-जास्त आहे ते सांगणारा आकडा) उणे 1.4 आला, हाताचा उणे 2.7, उणे 2.5 किंवा त्याखालचा आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडे ठिसूळ होण्याचा आजार. केवळ मणके पाहिले असते तर हे निसटले असते. त्याआधी एका शिबिरात टाचेची अल्ट्रासाऊंड चाचणी करून त्यांना ‘हाडे उत्तम’ असा शेरा मिळाला होता, याचे मला आजही वाईट वाटते, कारण तेवढ्या चाचणीवर असे निदान करता येत नाही.

तक्रार एकच आहे. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवायची असते, हे अपॉइंटमेंट देताना कुणी सांगितले नाही. सकाळी गोळी घेऊन गेलेल्या जाऊबाईंना परत पाठवले आणि अंगात त्राण नसताना त्यांना दुसऱ्यांदा यावे लागले.

कार्बिमॅझोल या थायरॉइडचे संप्रेरक कमी करणाऱ्या औषधाने थायरॉइड आटोक्यात आले की हाडांची घनता बऱ्याच अंशी सुधारते, पण ती पूर्ववत होईलच असे नाही. निरनिराळ्या यंत्रांवरचे आकडे थेट ताडून पाहता येत नसल्याने पुढचा स्कॅनही आम्ही इथेच, याच यंत्रावर करणार आहोत.