नाटकात लाइट्स शिकायला नेट किती कामाचं? दीड वर्ष पालथं घालून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मला अभिनय करायचा नाहीये. हे सांगावं लागतं कारण सांगलीत तुम्ही म्हणालात की मी नाटकात काम करते तर पुढचा प्रश्न "कुठली भूमिका" हाच असतो, आणि मी म्हणते लाइट्स, की समोरचा "हां हां, बॅकस्टेज" म्हणून विषय बदलतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं पहिलं नाटक उभं केलं त्या गावात ही अवस्था! असो. तर प्रकाशयोजना शिकायला पुण्या-मुंबईला जाऊन राहणं नोकरीमुळे जमणार नव्हतं, म्हणून दीड वर्षं मिळेल ते ऑनलाइन बघितलं, त्यातलं काय चाललं आणि काय डब्यात गेलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी जिथं पैसे घातले ते. एक अभिनयाचा ऑनलाइन कोर्स, २,९९९ रुपये, नाव घेत नाही. म्हटलं लाइट्स नंतर, आधी नाटक म्हणजे काय ते तरी कळू दे. बारा व्हिडिओ, त्यातले पाच आत्मविश्वासावर आणि एक चक्क इन्स्टावर फॉलोअर कसे वाढवायचे यावर. स्टेजवर उभं कसं राहायचं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, यातलं काहीही नाही. रिफंड मागितला तर सपोर्टवाल्यांनी अजून एक व्हिडिओ पाठवला. एक स्टार, तोही द्यावाच लागतो म्हणून. आणि ते ऑडिशनचे व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात रजिस्ट्रेशनचे ५०० रुपये आधी भरा म्हणतात, तिथून सरळ बाहेर पडा. पडदा उघडायच्या आधी नटाकडून पैसे घेतंय म्हणजे ते नाटक नाही, दुकान आहे.

आता चांगलं. लंडनच्या नॅशनल थिएटरचं यूट्यूब चॅनल. फुकट आहे. नाटकांच्या क्लिप्स सोडा, त्यांचे पडद्यामागचे व्हिडिओ बघा, विग कसा बांधतात, स्टेज मॅनेजर हेडफोन लावून क्यू, म्हणजे लाइट-साउंड कधी बदलायचा त्याचे इशारे, कसे देते, ऑलिव्हिएर थिएटरच्या स्टेजखालचा तो अवाढव्य फिरता ड्रम कसा चालतो. इंग्रजी जरा भरभर बोलतात पण सबटायटल लावले की निभतं. अख्खी नाटकं त्यांच्या वेगळ्या ॲट होम साइटवर आहेत, २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेली, त्याला पैसे पडतात आणि आपल्या खिशाला ते दर महिन्याला परवडत नाहीत. मी एकच महिना घेतलं आणि रात्री जागून जेवढी बघता येतील तेवढी बघितली, आवाज बंद करून पण बघितली, फक्त लाइट कुठून येतोय ते कळायला. हा प्रकार करून बघाच.

पण मला खरी लॉटरी लागली ती लाइटच्या कंपन्यांच्या साइटवर, जिथं कुणी नाटकवाला बघायला जात नाही. ईटीसी म्हणून कंपनी आहे, त्यांच्या मोठ्या कन्सोलचं, म्हणजे सगळे लाइट्स जिथून चालवतात त्या बोर्डाचं, ईऑस सॉफ्टवेअर लॅपटॉपवर फुकट उतरवता येतं, खऱ्या लाइट्सना आउटपुट द्यायचं तर पैसे मोजून त्यांची 'की', म्हणजे किल्ली, घ्यावी लागते पण शिकायला काही लागत नाही, आणि सोबत पायरीपायरीने शिकवणारे व्हिडिओही फुकट. आता तुम्ही म्हणाल आमच्या हॉलमधे तर लाइट कमी-जास्त करायचा बारा सरकपट्ट्यांचा डिमर, त्यातल्या दोन मेलेल्या, त्याला हे सॉफ्टवेअर काय कामाचं. मलाही तेच वाटलेलं. पण त्यातून मी क्यू लिहायला शिकले. आधी माझ्या वहीत असायचं, "तो चिडला की लाल". आता असतं, "क्यू ७, बापू खुर्चीतून उठला की, ५ सेकंदांत, निळा पूर्ण खाली, डावा स्पॉट ६० वर". मागच्या प्रयोगाला मी तापाने घरी होते, ती वही बघून दुसऱ्या मुलानं अख्खं नाटक ओढलं. एकच क्यू चुकला आणि तो माझ्या अक्षरामुळे.

दुसरी रॉस्को. ही लाइटवर लावायचे रंगीत जिलेटिन पेपर बनवणारी कंपनी, साइटवर प्रत्येक रंग नंबरानिशी बघता येतो. आपल्याकडे दुकानात जाऊन लाल द्या, निळा द्या एवढंच चालतं, तिथं बघितलं तर निळेच किती प्रकारचे! आणि ०२ नंबरचं नाव चक्क बास्टर्ड अंबर, मी घरी मोठ्यानं वाचलं आणि आईनं स्वयंपाकघरातून विचारलं कुणाला शिव्या देतेस. रंग फार गोड आहे पण तो, गुलाबीकडे झुकलेला उबदार पिवळा, माणसाचा चेहरा जिवंत दिसतो. स्क्रीनवरचा रंग आणि स्टेजवरचा रंग मात्र एक नसतो. साइटवर बघून मी रात्रीच्या सीनला भारी म्हणून गडद निळा ठरवला, तालमीत लावला, तर आमचे लाइटवाले काका खालनं ओरडले, "आगं पोरी, मेल्यागत दिसतोय की गं तो, सरण रचायचं का आता?" निळा मागून मारायचा आणि चेहऱ्यावर समोरून थोडा उबदार ठेवायचा हे मला त्या दिवशी कळलं. कुठल्याच व्हिडिओत नव्हतं असं नाही, असेल, पण मला काकांच्या ओरडण्यानं कळलं.

क्यूलॅब हे साउंडसाठीचं सॉफ्टवेअर, फुकट व्हर्जनमधे दोन चॅनलचा आवाज मिळतो, एकांकिकेला तेवढं पुष्कळ झालं. पण चालतं फक्त मॅकवर, आणि इथंच आमचं घोडं अडलंय. आम्ही अजून मोबाईलवरून साउंड वाजवतो, आणि गेल्या वर्षी तिरडी उचलतानाच्या सीनला व्हॉट्सॲपचं टिंग स्पीकरमधून अख्ख्या हॉलला ऐकू गेलं, पहिल्या रांगेतले एक आजोबा स्वतःचा खिसा चाचपायला लागले.

शिकायला जायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएसडीची, म्हणजे दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामाची, माहिती एनएसडीच्याच साइटवर वाचा, यूट्यूबवर "सीक्रेट" सांगणाऱ्यांकडून नको. तीन वर्षांचा कोर्स, आधी पदवी लागते आणि वर किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा मागतात. म्हणून आजपासून प्रत्येक प्रयोगाचं पत्रक, पेपरातलं कात्रण, ज्यात तुमचं नाव आहे ते सगळं जपून ठेवा, मी पहिली तीन वर्षं काही ठेवलं नाही आणि आता आमच्या नाटक मंडळाच्या जुन्या फायली उपसत बसलेय. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, दोन्हीकडची माहितीही त्यांच्याच पानांवरून घ्या, फॉरवर्ड झालेल्या पीडीएफवर जाऊ नका, मला एकदा दोन वर्षांपूर्वीची आलेली आणि मी तारखेचं गणित लावत बसलेले.

मराठीत मात्र लाइट्सवर नेटवर फार कोरडं आहे. विश्वकोशाच्या साइटवर रंगभूमीच्या नोंदी आहेत, इतिहास कळायला छान. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं फुकट उतरवता येतात, त्यात नाटकंही मिळाली, पण वाचायला फुकट म्हणजे करायला फुकट नव्हे, प्रयोग लावायचा तर लेखकाची परवानगी आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र, हे दोन्ही आधी बघा. आपल्या हॉलचा डिमर, आपल्याकडचे पार कॅन म्हणजे ते डब्यासारखे लाइट, लोड किती टाकला की फ्यूज उडतो, हे मराठीत सांगणारा एक धड व्हिडिओ मला तरी सापडला नाही. काकांना म्हटलं आपण करू, तर म्हणाले आधी केस काळे करून येतो. अजून आलेले नाहीत.

एकूण मार्क द्यायचे तर ईटीसी पाच, नॅशनल थिएटर साडेचार, रॉस्को चार. क्यूलॅबला मार्क देता येत नाहीत कारण हातात मॅकच नाही, सांगली-मिरजेत कुणाकडे जुनं मॅकबुक पडून असेल तर सांगा, राज्य नाट्य स्पर्धा झाली की परत करते.