आभासी जगातला दृष्टिसंभ्रम: रंगवावा की घडवावा?

बेळगाव परिसरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला व्हीआर (आभासी वास्तव) गेमचा प्रकल्प घेणाऱ्यांना हा निर्णय लवकर करावा लागतो. समजा, दृश्य खानापूरकडच्या पावसातल्या कौलारू घराचे आहे. पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात खुंटीला घोंगड्याची ओली खोळ टांगली आहे आणि ती क्षणभर खोळ, तर क्षणभर पाठमोरा वाकलेला माणूस वाटायला हवी. हा संभ्रम भिंतीवरच्या सपाट चित्रात रंगवता येतो, किंवा खोळच त्रिमितीत घडवून तिच्या घड्यांमध्ये साधता येतो.

रंगवणे स्वस्त आणि झटपट होते, शिवाय प्रत्येक छटेवर आपला ताबा राहतो. 1892 साली एका जर्मन साप्ताहिकात छापलेले, कधी ससा तर कधी बदक वाटणारे चित्र आजही फसवते, कारण आपण मान कितीही हलवली तरी कागदावरची रेघ बदलत नाही. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमध्ये नेमका हाच सपाटपणा घात करतो. दोन डोळ्यांमधल्या सरासरी 63 मिलिमीटर अंतरामुळे प्रत्येक डोळ्याला थोडे वेगळे चित्र दिसते, त्यातून खोलपणाचा अंदाज लगेच येतो आणि मान जराशी कलती करताच खोळ म्हणजे भिंतीला डकवलेला कागद आहे हे कळून चुकते. मात्र दोन डोळ्यांच्या चित्रांमधला हा फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. वस्तू 2 मीटरवरून 8 मीटरवर नेली की तो सोळावा हिस्साच उरतो. त्यामुळे बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या तटावर दुरून दिसणारी धुक्यातली आकृती खुशाल रंगवावी.

पडवीतली खोळ मात्र घडवावी, असे माझे ठाम मत आहे. तमिळनाडूतल्या दारासुरमच्या बाराव्या शतकातल्या ऐरावतेश्वर मंदिरात बैल आणि हत्ती यांचे एकच मस्तक कोरलेले आहे. एक धड हाताने झाकले की दुसरा प्राणी उभा राहतो. तिथे बघणारा थोडा इकडेतिकडे सरकला तरी संभ्रम मोडत नाही, कारण दोन्ही अर्थ दगडाच्या आकारातच आहेत. खोळीचे टोक हेच डोके आणि खुंटीखालची घडी हाच खांदा, अशी सामायिक जागा शोधण्यात वेळ जातो, आणि सेकंदाला 72 फ्रेम दाखवणाऱ्या हेडसेटवर दोन्ही डोळ्यांचे चित्र सुमारे 13.9 मिलिसेकंदांत तयार व्हायला हवे, म्हणून त्रिमितीय आकार ज्या बहुभुजांनी बनतो ती जाळीही आटोपशीर ठेवावी लागते. तरीही हा खर्च सोसावा.

एकाच जागेवरून पाहिले तरच जुळून आकृती दिसेल अशा सुट्या तुकड्यांचा तिसरा मार्ग बसून खेळणारा आणि उभा खेळणारा यांच्या उंचीतल्या फरकानेच विस्कटतो. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवणे तर टाळावेच, कारण मेंदू दोहोंत हेलकावे खात राहतो आणि डोळे शिणतात.

चाचणीला मात्र दृश्य आधी न पाहिलेलाच माणूस घ्यावा. खोळीत माणूस कुठे दिसतो हे ठाऊक असलेल्या निर्मात्याला निव्वळ खोळ पुन्हा दिसत नाही. चाचणी देणाऱ्याला "माणूस दिसला का?" असे विचारू नये, "कोपऱ्यात काय होतं?" एवढेच विचारावे. "कुणीतरी उभं होतं... नाही, घोंगडं होतं बहुतेक," असे उत्तर आले, तर घड्यांना पुन्हा हात लावू नये.